पत्ता हद्दीत, तरी ‘इथे डिलिव्हरी नाही’: परत परत येणाऱ्या दुखण्याचा माग

ही तक्रार चार तोंडांनी येते. एक: “शेजारच्या घरात तुमची माणसं रोज येतात, मला मात्र ‘या भागात सेवा नाही’ असं दिसतं.” दोन, याच्या बरोबर उलट: ऑर्डर घेतली जाते आणि राइडर निघाल्यावर कळतं की ठिकाण हद्दीच्या बरंच बाहेर आहे. तीन: एकाच इमारतीतले दोन ग्राहक दोन वेगळ्या झोनमध्ये, म्हणजे डिलिव्हरीसाठी आखलेल्या भागांमध्ये. आणि चौथी, सगळ्यांत वैताग आणणारी: तोच पत्ता काल ‘अ’ झोनमध्ये होता, आज ‘ब’ मध्ये आहे आणि मधल्या काळात कुणी कशालाही हात लावलेला नाही. निदान सगळे शपथेवर तसं सांगतात.

अशा वेळी हात आपोआप नकाशाकडे जातो. झोनची रेघ धरायची, तक्रार करणारं घर आत येईल इतकी बाहेर ओढायची आणि तक्रारीचं तिकीट बंद करायचं. मी हे बरेच महिने इमानेइतबारे केलं. एका कोपऱ्यात रेघेला मी इतके दात काढले होते की ती रेघ कमी आणि करवत जास्त वाटायची. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत, फक्त पलीकडच्या झोनमधून यायला लागल्या. कारण दर खेपेला ठिपका, म्हणजे पत्त्याची नकाशावर धरलेली जागा, चुकलेला होता आणि मी रेघ हलवत होतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

म्हणून पुढचं सगळं वाचताना एवढं पाळा: ठिपका बरोबर आहे हे सिद्ध झाल्याशिवाय रेघेला हात लावायचा नाही.

आधी पुरावा जमवा

पत्त्यापासून झोनपर्यंतच्या वाटेत तीन सांधे आहेत. ग्राहकाने लिहिलेल्या मजकुराचा ठिपका होतो, म्हणजे अक्षांश-रेखांश मिळतात. तो ठिपका कुठल्या पॉलिगॉनमध्ये, म्हणजे झोनच्या रेघेने बनलेल्या बंद आकारात, पडतो ते बघितलं जातं. मग त्या उत्तरावरून ‘सेवा आहे’ किंवा ‘नाही’ असा निर्णय होतो. तक्रार येते ती तिसऱ्या सांध्यावर, निखळलेला असतो बहुतेक वेळा पहिला.

कुठला निखळलाय हे कळायचं तर प्रत्येक ऑर्डरमागे पाच गोष्टी लॉगमध्ये हव्यात: ग्राहकाने टाइप केलेला पत्ता जसाच्या तसा, साफसफाई करून जिओकोडरला (पत्त्याचे अक्षांश-रेखांश काढून देणाऱ्या सेवेला) पाठवलेला मजकूर, जिओकोडरचं अख्खं उत्तर, त्या क्षणी वापरात असलेल्या झोन फाइलची आवृत्ती आणि शेवटचा निकाल. आमच्याकडे यातली फक्त पहिली आणि शेवटची होती. मधलं सगळं अंधारात. त्यामुळे तक्रार आली की मी तोच पत्ता नव्याने जिओकोड करायचो, उत्तर बरोबर यायचं आणि मी ‘आमच्याकडे ठीक चालतंय’ असं लिहून मोकळा व्हायचो. ग्राहकाच्या वेळी नेमकं काय उत्तर आलं होतं हे मला कधी दिसलंच नाही.

लॉग हाताशी आला की पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे. त्या ऑर्डरचा ठिपका उपग्रहचित्रावर टाका आणि डोळ्यांनी बघा. ठिपका त्या घरावर पडलाय का? पडला असेल तर दोष पॉलिगॉनमध्ये किंवा निर्णयात आहे. पडला नसेल तर पॉलिगॉनचं नावसुद्धा काढू नका.

ठिपका चुकलाय

अक्षांश-रेखांशाच्या अदलाबदलीचा प्रकार आधी उरकून टाकू, कारण तो ओळखायला सोपा आहे. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइल-प्रकारात आधी रेखांश, मग अक्षांश. २०१६ च्या आरएफसी ७९४६ या त्याच्या नियमपत्रात ते स्वच्छ लिहिलेलं आहे. केएमएल या दुसऱ्या फाइल-प्रकारातही तसंच. पोस्टजीआयएसमध्ये (डेटाबेसला नकाशाचं काम शिकवणाऱ्या जोडणीत) बिंदू बनवतानाही पहिला आकडा रेखांशाचा. गूगल मॅप्स आणि लीफलेट ही वेबवर नकाशा दाखवणारी लायब्ररी मात्र आधी अक्षांश मागतात. एका लायब्ररीतून दुसरीकडे आकडे नेताना क्रम उलटला की ठिपका भलत्याच देशात किंवा समुद्रात जाऊन पडतो. अक्षांश ९० च्या पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे कधीकधी प्रोग्रामच ओरडतो. पण दोन्ही आकडे ९० च्या आत असतील तर कुणी ओरडत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर येतं. खूण अशी: क्रम उलटला असेल तर सगळेच पत्ते फसतात. काहीच फसत असतील तर पत्ते दोन वाटांनी येतायत का ते बघा, समजा काही अॅपमधून आणि काही कुणीतरी हाताने चढवलेल्या शीटमधून. दोन्ही आकडे शून्य असलेला ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडतो. तिथे ग्राहक सापडले तर जिओकोडिंग झालेलंच नाही आणि रिकाम्या खान्याचं शून्य झालंय असं समजा.

आता खरा मुद्दा. जिओकोडरला पत्ता सापडला नाही तर तो बहुधा ‘सापडला नाही’ असं म्हणत नाही. तो त्यातल्या त्यात जवळचं काहीतरी देतो. घर नाही सापडलं तर रस्ता, रस्ता नाही तर वस्ती, वस्ती नाही तर अख्खं शहर. आणि देताना सहा-सात दशांश स्थळांपर्यंत आकडे देतो, त्यामुळे उत्तर फार नेमकं दिसतं. दशांशाच्या सहाव्या स्थळाला जमिनीवर साधारण ११ सेंटिमीटर होतात. शहराच्या मध्यबिंदूचे आकडे ११ सेंटिमीटरपर्यंत सांगून काय उपयोग?

उत्तर किती पक्कं आहे हे जिओकोडर सांगतो, आपण ते खानं वाचत नाही. गूगलच्या उत्तरात चार शब्द येतात. ‘रूफटॉप’ म्हणजे घर सापडलं. ‘रेंज इंटरपोलेटेड’ म्हणजे रस्ता सापडला आणि घराची जागा अंदाजाने काढली. ‘जिओमेट्रिक सेंटर’ म्हणजे रस्त्याचा किंवा भागाचा मध्य. ‘अप्रॉक्सिमेट’ म्हणजे नावाप्रमाणेच. शिवाय दिलेल्या मजकुरातला काही भाग जुळलाच नसेल तर ‘पार्शल मॅच’ अशी खूण येते. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या नॉमिनॅटिम या जिओकोडरच्या उत्तरातही हे घर आहे, रस्ता आहे की गाव, ते लिहिलेलं असतं. आमच्या कोडमध्ये या सगळ्यातून दोन आकडे उचलले जायचे आणि बाकीचं फेकलं जायचं.

यातला अंदाजाने काढलेला प्रकार नीट समजून घ्या, हद्दीजवळचे निम्मे घोळ त्याच्यामुळे होतात. जिओकोडरकडे प्रत्येक घराची जागा नसते. रस्त्याच्या एका तुकड्यावर १०१ ते १९९ क्रमांकांची घरं आहेत एवढंच ठाऊक असतं, सहसा एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम. मग १५० नंबर विचारला की तो तुकड्याच्या मधोमध ठिपका ठेवतो. घरं सारख्या अंतरावर असतील तर हे ठीक. पण सुरुवातीला भलंमोठं मैदान आणि शेवटी दाट वस्ती असेल तर ठिपका मैदानात, घर दुसऱ्या टोकाला. आणि क्रमांक रस्त्याच्या ओळीने दिलेलेच नसतील तर हा हिशेब मुळातच कोसळतो. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी पत्ता रस्त्यावर नाही, ठोकळ्यावर चालतो आणि ठोकळ्यातले क्रमांक पूर्वी इमारती बांधल्या गेल्या त्या क्रमाने दिले जात. तिथे १ च्या शेजारी २ असेलच असं नाही.

मध्यबिंदूवाल्या ठिपक्यांची तर वेगळीच तऱ्हा. एखाद्या वस्तीचे सापडू न शकलेले सगळे पत्ते एकाच जागी येऊन बसतात. ते पकडायची युक्ती सोपी आहे आणि या लेखातलं एकच काही आज करणार असाल तर हेच करा: गेल्या महिन्याच्या सगळ्या ऑर्डर घ्या, अक्षांश-रेखांशाच्या जोडीनुसार त्यांचे गट पाडा, प्रत्येक गटात किती वेगवेगळे पत्ते आहेत ते मोजा आणि मोठा गट वर येईल असे लावा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्यांत वरच्या जागी शेकडो पत्ते एका ठिपक्यावर रचलेले होते. तो ठिपका एका तलावात होता. तलाव ज्या झोनमध्ये होता त्या झोनची टीम ‘आमच्यावर कामाचा बोजा फार’ म्हणून कधीची कुरकुरत होती आणि त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. मोठी इमारत किंवा ऑफिस संकुल असेल तर गट खरा असू शकतो. ते नकाशावर एका नजरेत कळतं.

भाग चंद्रकोरीसारखा वाकडा असेल तर त्याचा मध्यबिंदू त्या भागाच्या बाहेरही पडू शकतो, हेही ध्यानात असू द्या. ‘मध्य आहे म्हणजे आतच असणार’ हे गणिताला मान्य नाही.

‘गर्दीच्या वेळीच चुकतं, एरवी नाही’ अशी तक्रार असेल तर जिओकोडरच्या मर्यादा बघा. नॉमिनॅटिमच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती चालते. पैसे भरून घेतलेल्या सेवांनाही काहीतरी कमाल असतेच. ती ओलांडली की उत्तर येत नाही आणि कुणीतरी कधीकाळी सद्हेतूने लिहिलेला ‘उत्तर नाही आलं तर पोस्टल कोडचा मध्य वापरा’ हा पर्याय चुपचाप कामाला लागतो. कुठेही लाल अक्षरात काही दिसत नाही. पर्यायी वाट असायला हरकत नाही, पण ती वापरली गेली हे ऑर्डरवर लिहिलेलं हवं.

एकाच नावाचे दोन रस्ते असले की पुन्हा निराळी गंमत. त्यासाठी ‘आमच्या शहराकडे झुकतं माप दे’ अशी सूचना देता येते, पण झुकतं माप म्हणजे कुंपण नव्हे. दूरचा पत्ता जास्त जुळला तर जिओकोडर खुशाल तिकडे जातो. ठिपका सेवेच्या एकूण चौकटीबाहेर पडला तर तो नाकारायची तपासणी आपणच लावायची.

मोबाइलचं जीपीएस घेऊन हा प्रश्न सुटेल असं वाटतं. अर्धवट सुटतो. मोकळ्या आभाळाखाली फोनची जागा साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर येते, उंच इमारतींच्या मध्ये ती बरीच भरकटते. पण मोठी अडचण वेगळीच आहे: माणूस ऑफिसात बसून घरच्या पत्त्यावर ऑर्डर देतो. फोनची जागा आणि पत्त्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दुसरीच्या खान्यात लिहू नका.

मजकूर बिघडलाय

ठिपका चुकण्यामागे जिओकोडरचा दोष असतोच असं नाही. आपण त्याला काय पाठवतो तेही बघा. ‘दुसरा मजला, निळं गेट, टाकीच्या मागे, आल्यावर फोन करा’ हे राइडरसाठी सोनं आहे, जिओकोडरसाठी कचरा. मजला, फ्लॅट, खुणेच्या जागा आणि फोन नंबर वेगळ्या खान्यात घ्या आणि जिओकोडरला फक्त घर क्रमांक, रस्ता, वस्ती, शहर, पोस्टल कोड एवढंच द्या. एकच लांबलचक चौकट ठेवून मागाहून त्यातून तुकडे पाडायचा प्रयत्न मी करून बघितलाय. नका करू.

स्प्रेडशीटचा हात लागलेली यादी असेल तर आधी दोन गोष्टी बघा. पोस्टल कोडच्या सुरुवातीचं शून्य उडालंय का आणि ‘५/१२’ सारखा घर क्रमांक तारीख होऊन बसलाय का. हे दोन्ही इतक्या सहज होतं की शीट उघडून नुसती सेव्ह करणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. ती खानी मजकूर म्हणूनच आयात करायची.

न दिसणारी अक्षरं हा पुढचा प्रकार. कुठून तरी चिकटवलेल्या पत्त्यात साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा असते किंवा शून्य रुंदीचं अक्षर असतं. डोळ्यांना दोन पत्ते एकच दिसतात, संगणकाला वेगळे. आणि पत्ते देवनागरीत घेत असाल तर आपल्या लिपीची खास गाठ आहे ती ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ मधल्या त्या अर्ध्या र ची. तो दोन रीतींनी टाइप होतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन किंवा साध्या ‘र’ ला हलन्त देऊन पुढे जोडणारं अदृश्य अक्षर टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे उमटतात. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराच्या वेगळ्या लिखाणांना एका रूपात आणणं) हे दोन एक करत नाही, ती जोडी स्वतः बदलून घ्यावी लागते. आमच्याकडे दुरुस्त केलेल्या ठिपक्यांची एक यादी होती आणि एका रस्त्यासाठी ती कधी लागू व्हायची, कधी नाही. ग्राहक कुठल्या कीबोर्डवरून लिहितो यावर सगळं अवलंबून होतं, हे कळायला मला दोन दिवस लागले. देवनागरी आणि इंग्रजी अंकांचंही तेच: तुलना करण्यापूर्वी दोन्ही एका रूपात आणा.

पोस्टल कोडवर झोन बांधायचा मोह सगळ्यांना होतो. पोस्टल कोड हा टपालवाटपाच्या सोयीसाठी असतो, जमिनीवर आखलेला तुकडा म्हणून नव्हे. अमेरिकेत झिप कोड १९६३ मध्ये आले, पण ते पत्त्यांचे आणि वाटपाच्या मार्गांचे गट आहेत. नकाशावर दिसणारे त्यांचे आकार जनगणना विभागाने अंदाजाने बांधलेले आहेत आणि त्यांना नावही वेगळं दिलंय. तेव्हा ‘कोड जुळतो म्हणजे झोन जुळतो’ असं धरू नका. पडताळणीला मात्र कोड उत्तम: ठिपक्याभोवतीचा कोड आणि ग्राहकाने लिहिलेला कोड वेगळे निघाले तर ऑर्डरवर लाल निशाण.

ठिपका बरोबर आहे, रेघच चुकली आहे

होतं असंही. ठिपका घराच्या छपरावर नेमका आहे, तरी उत्तर चुकतं. मग क्रमाने बघायचं.

आकडे लाखांत दिसतायत का? मग पॉलिगॉन अंशांत नाही, मीटरमध्ये आहे. ईपीएसजी हे मोजमाप पद्धतींचे क्रमांक: पॉलिगॉन बहुधा ३८५७ म्हणजे वेबवरच्या नकाशांच्या वेब मर्केटर पद्धतीत आणि ठिपके ४३२६ म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या अंशांत. दोन्ही एका पद्धतीत आणल्याशिवाय तुलनाच होत नाही. शेपफाइल या प्रकारात नकाशा आला असेल आणि सोबतची, मोजमाप पद्धत सांगणारी पीआरजे फाइल कुणी पाठवलीच नसेल तर हा घोळ ठरलेला.

‘दुकानापासून ५ किलोमीटर’ असा गोल झोन काढला असेल तर तो कशात काढला? एका अंशाचा अक्षांश सगळीकडे साधारण १११ किलोमीटर, पण रेखांशाचा अंश ध्रुवांकडे जाताना आवळत जातो. अंशांत काढलेला गोल जमिनीवर अंडाकृती होतो. वेब मर्केटरच्या मीटरांवरही भरवसा नको. ६० अक्षांशावर तिथले ५ किलोमीटर जमिनीवर अडीचच भरतात. स्थानिक मोजमाप पद्धत घ्या किंवा पोस्टजीआयएसचा जिऑग्राफी प्रकार वापरा.

पॉलिगॉन वैध आहे का? हाताने काढताना रेघ स्वतःलाच छेदून गेली की टाय बांधल्यासारखा आकार होतो आणि ‘आत’ कशाला म्हणायचं यावर लायब्ररींचं एकमत राहत नाही. पोस्टजीआयएसमध्ये वैधता तपासणारं फंक्शन आहे, ते प्रत्येक नवीन फाइलवर चालवा. झोनचे दोन सुटे तुकडे असतील आणि तुमचा कोड फक्त पहिला वाचत असेल, तर दुसऱ्या तुकड्यातला प्रत्येक ग्राहक बाहेर. मधलं भोक न वाचलं तर वगळलेला भागही आत. कडांची दिशा हाही एक विनोद आहे: आरएफसी ७९४६ म्हणतं बाहेरची कडा घड्याळाच्या उलट दिशेने, ब्राउझरमध्ये आलेख-नकाशे काढणाऱ्या डी३ या लायब्ररीचा भूगोल विभाग म्हणतो घड्याळाच्या दिशेने. डी३ ला उलटी दिली तर तुमचा झोन सोडून उरलेली सगळी पृथ्वी तुमच्या झोनमध्ये येते. हे निदान लगेच दिसतं.

गोलाकार पृथ्वीवर सरळ कड वाकते, त्यामुळे उत्तर चुकतं का, असा प्रश्न हमखास येतो. ४५ अक्षांशावर पूर्व-पश्चिम जाणारी १० किलोमीटरची कड मध्यावर साधारण २ मीटरने सरकते. शहरातल्या झोनला याची काळजी करू नका. १०० किलोमीटरच्या कडेला तोच फरक २०० मीटरच्या आसपास जातो, तिथे करा.

आता फटी आणि आच्छादनं. शेजारचे दोन झोन वेगवेगळे काढले की मधली सामाईक रेघ दोनदा काढली जाते आणि ती दोन्ही वेळा तंतोतंत सारखी येत नाही. कुठे बारीक फट राहते, कुठे एकावर एक चढतात. फाइल हलकी करायला कुणी आकडे तीन दशांशांवर आणले तर प्रत्येक शिरोबिंदू ५० मीटरपेक्षा जास्तही सरकू शकतो. आकार सोपा करणारी नेहमीची पद्धत म्हणजे डग्लस-प्यूकर. ती प्रत्येक झोनवर सुटी चालवली की सामाईक कडा दोन्हीकडे वेगळ्या कापल्या जाण्याची भीती असते. सगळे झोन एकत्र सोपे करा. टोपोजेसन हा फाइल-प्रकार सामाईक कड एकदाच साठवतो आणि पोस्टजीआयएसमध्ये ३.४ पासून शेजारी पॉलिगॉन एकत्र सोपे करणारं फंक्शन आलंय.

बरोबर रेघेवर पडलेल्या ठिपक्याचं काय? पोस्टजीआयएसचं ‘कंटेन्स’ त्याला आत मानत नाही, ‘कव्हर्स’ मानतं. दोन झोनच्या मधल्या रेघेवरचा ठिपका पहिल्याने कुणाचाच नाही, दुसऱ्याने दोघांचाही. हे इतकं विरळ आहे की विसरून जावं, असं मला वाटायचं. पण झोनच्या हद्दी आपण कुठे काढतो? मोठ्या रस्त्याच्या मधोमध, कारण नकाशावर तीच रेघ आयती मिळते. आणि अंदाजाने काढलेले ठिपके कुठे पडतात? त्याच रस्त्याच्या मध्यरेषेवर किंवा तिच्यापासून काही मीटरांवर. म्हणजे ज्या जागी ठिपके सगळ्यांत अविश्वासू तिथेच आपण रेघ मारतो. हे ध्यानात आल्यावर मी हद्दी रस्त्यावरून उचलून घरांच्या मागच्या बाजूंनी, नाल्याने, रेल्वेमार्गाने नेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजू एकाच झोनला दिल्या. रेघेला हात लावायचा नाही असं वर म्हटलंय खरं, पण ते एकेका तक्रारीसाठी. हे काम एकदा बसून सगळ्या नकाशाचं करायचं. राइडरांनाही तेच सोयीचं निघालं, समोरासमोरच्या दोन दारांसाठी दोन माणसं यायची थांबली.

काल ‘अ’, आज ‘ब’

चौथ्या तक्रारीचं उत्तर वरच्या आच्छादनातच आहे. ठिपका दोन झोनमध्ये पडतो, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, म्हणते ‘पहिली ओळ दे’, आणि ओळींचा क्रम कुठेही सांगितलेला नाही. क्रम सांगितला नसेल तर डेटाबेस कुठलीही ओळ आधी देऊ शकतो. आज एक, उद्या इंडेक्स बदलल्यावर दुसरी. प्रत्येक झोनला प्राधान्याचा आकडा द्या, त्यानुसार क्रम लावा आणि आच्छादन मुद्दाम ठेवलं नसेल तर ते मिटवा.

तिथे काही नाही सापडलं तर प्रती मोजा. आमच्याकडे ग्राहकाला दिसणारं पान झोनची हलकी केलेली फाइल वापरत होतं आणि ऑर्डर स्वीकारणारी सेवा मूळ फाइल. पान ‘हो’ म्हणायचं, सेवा ‘नाही’. दोघंही आपापल्या फाइलप्रमाणे खरंच बोलत होते. निर्णय एकाच जागी होऊ द्या, पानाने फक्त विचारावं. जिओकोडर पुरवणाऱ्यांचा डेटाही अधूनमधून बदलतो, म्हणून मघाशी अख्खं उत्तर साठवा म्हटलं. साठवण्याआधी त्या सेवेच्या अटी मात्र वाचा. काहींना उत्तर कायमचं ठेवलेलं चालत नाही.

मग आम्ही काय बदललं

जिओकोडरच्या उत्तराच्या प्रकारावरून प्रत्येक ठिपक्याला एक त्रिज्या दिली, म्हणजे ‘खरं घर या वर्तुळात कुठेतरी आहे’. छप्पर सापडलं असेल तर लहान, अंदाजाने काढलं असेल तर त्या रस्त्याच्या तुकड्याइतकी, मध्यबिंदू असेल तर उत्तरासोबत येणाऱ्या चौकटीच्या कर्णाच्या निम्मी. मग ठिपका आत की बाहेर एवढंच न बघता सगळ्यांत जवळच्या हद्दीपासूनचं त्याचं अंतर काढलं. अंतर त्रिज्येपेक्षा जास्त असेल तर उत्तर पक्कं. ठिपका झोनच्या मध्यात असेल तर कच्चा पत्तासुद्धा चालून जातो, उगाच ग्राहकाला छळायला नको. अंतर कमी असेल तरच त्याला नकाशा दाखवून ‘पिन तुमच्या दारावर आणून ठेवा’ असं सांगायचं. दारावर, छपरावर नाही. मोठ्या आवाराचं फाटक पलीकडच्या रस्त्याला असतं आणि मालाला फाटकातूनच जायचं असतं.

ग्राहकाने हलवलेली पिन त्याच्या पत्त्याशी जोडून ठेवतो आणि पुढच्या वेळी जिओकोडरला विचारतच नाही. फक्त पिन मूळ ठिपक्यापासून फारच लांब गेली असेल तर एकदा माणसाच्या डोळ्यांखालून घालतो, कारण काही जण पिन न हलवता नकाशाच सरकवतात आणि बटण दाबून मोकळे होतात.

झोनची नवी फाइल चढवण्यापूर्वी गेल्या महिन्याच्या ऑर्डर जुन्या आणि नव्या फाइलवर चालवून ज्यांचा झोन बदलला त्यांची यादी काढतो आणि ती त्या त्या झोनच्या माणसाला दाखवतो. ज्या भागाला हात लावलेला नाही तिथलं नाव यादीत आलं तर फाइल परत. आणि यादी साफ रिकामी आली तर खूश होऊ नका, नवी फाइल खरोखर वाचली गेली का ते आधी बघा. माझ्या पहिल्या दोन रिकाम्या याद्या जुनी फाइल जुन्याच फाइलशी ताडून निघाल्या होत्या.